वेठीस कोण कोणाला धरते?

मराठी वृत्तपत्रांत वर्षातून दोन-चार वेळा तरी एक मथळा हमखास येतो : संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले. कधी प्रवाशांच्या जागी रुग्ण असतात, कधी विद्यार्थी, तर कधी नुसतीच 'जनता'. मथळा देणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, वाचणाऱ्यालाही नाही. आम्हांलाही पुष्कळ वर्षे खटकले नव्हते. वेठ म्हणजे मोबदल्याविना किंवा नाममात्र मोबदल्यावर सक्तीने करवून घेतलेले काम. ज्याच्याकडून ते करवून घेतले जाते तो वेठीस धरलेला. असे असता, काम करण्यास नकार देणाऱ्या माणसानेच इतरांना वेठीस धरले असे आपण म्हणतो, आणि ज्याच्या श्रमांवर सक्ती होते त्याच्यासाठी असलेला शब्द सक्ती नाकारणाऱ्यावर आरोप म्हणून वापरतो. शब्दाचे अर्थ बदलतात हे मान्य. परंतु एखादा शब्द असा नेमका उलटा फिरतो, तेव्हा त्या शब्दाने दाखवलेली वस्तू समाजाच्या नजरेआड झाली आहे असे समजण्यास हरकत नसावी. ही वस्तू खरोखरच नाहीशी झाली आहे, की केवळ नजरेआड गेली आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

तो आम्हांला सुचला नाही, विचारला गेला. मीरा-भाईंदरमधील पदव्युत्तर वर्गात गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' शिकवत होतो. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकावर परीक्षेत येणारे प्रश्न ठरलेले असतात : आत्मकथन की चळवळीचा इतिहास, निवेदनशैलीची वैशिष्ट्ये, आदिवासी जीवनाचे चित्रण. लग्नगड्यांचा भाग संपला तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे सगळं आता संपलं ना?" आम्ही १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याचे नाव घेतले, 'सरंजामी व्यवस्थेचे अवशेष' असा शब्दप्रयोग केला आणि पुढच्या प्रकरणाकडे वळलो. त्या उत्तराची लाज वाटावी असे पुढे काही घडले. त्याकडे येऊच. आधी ते उत्तर तात्त्विक दृष्ट्या कोठे चुकले ते पाहू.

लग्नगडी कोण, हे ठाणे जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला सांगितले पाहिजे. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे वा धान्य घ्यायचे आणि त्याच्या फेडीपोटी त्याच्याकडे राबायचे, बहुधा आयुष्यभर. बायको त्याच कर्जात आलेली, म्हणून तीही राबणार, आणि मुले मोठी झाली की तीही. तलासरी, उंबरगाव, डहाणू या भागांतील वारल्यांची ही स्थिती होती. २३ मे १९४५ रोजी झरी येथे किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले आणि वेठ न करण्याचा त्यांनी निर्धार केला. लग्नगडी मालकांची घरे सोडून निघाले. त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण मृत्यू पावले.

यातील गवताचा तपशील वर्गात आम्ही नेहमी ओलांडून पुढे जात असू. मात्र सगळा प्रश्न त्या गवतात आहे. हे गवत जमीनदाराच्या गोठ्यासाठी कापले जात नव्हते. त्याच्या गाठी बांधून ते मुंबईच्या बाजारात जात होते. जंगलातील लाकूड व कोळसा यांचीही तीच वाट होती. वारल्याला मारहाण करून राबवणारा सावकार हा त्याच वेळी मुंबईच्या भावांवर डोळा ठेवणारा व्यापारी होता. मग त्याला सरंजामी कसे म्हणायचे? त्याचे वर्तन सरंजामी असेल, पण त्याचा माल, नफा आणि हिशेब या तिन्ही गोष्टी भांडवली बाजारातील होत्या. 'अवशेष' हा शब्द वापरला की हा संबंध तुटतो. अवशेष म्हणजे जे काळाच्या ओघात आपोआप झिजून जाणार ते. त्याच्याविरुद्ध कोणी लढण्याचीही गरज उरत नाही.

हा शब्द मार्क्सवादातूनच आला असे आमचे अनेक मित्र म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. मार्क्सच्या मांडणीत भांडवलशाहीचा कामगार दुहेरी अर्थाने मुक्त असतो. तो कोणाचा दास नसतो, त्यामुळे आपली श्रमशक्ती विकण्यास मुक्त. आणि त्याच्याकडे उत्पादनाची साधने नसतात, त्यामुळे ती विकण्यावाचून गत्यंतर नसलेला, म्हणजे साधनांपासूनही 'मुक्त'. या विधानातील उपरोध पुष्कळ भाष्यकारांनी ध्यानी घेतला नाही. त्यांनी त्याची व्याख्या केली, आणि व्याख्येत न बसणारे सर्व श्रम भांडवलशाहीच्या आधीच्या काळात ढकलले. खुद्द मार्क्सने असे केलेले नाही. १८६७ च्या 'भांडवल'च्या पहिल्या खंडात प्राथमिक संचयाचे विवेचन करताना, युरोपातील मजुरीच्या झाकलेल्या गुलामीला नव्या जगातील उघड्या गुलामीचा पाया लागला असे तो सांगतो. अमेरिकेतील गुलामांनी वेचलेल्या कापसाविना मँचेस्टरचा 'मुक्त' कामगार उभाच राहत नाही. एरिक विल्यम्स यांनी १९४४ साली आपल्या ग्रंथात कॅरिबियन बेटांतील साखरेच्या संदर्भात हाच धागा पुढे नेला. मुंबईकरांना तर हे निराळे सांगण्याचे कारण नाही. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवीमुळे तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसावर मुंबईत पैशांचा पाऊस पडला.

याहून महत्त्वाची गोष्ट कायद्याच्या इतिहासात आहे. हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे, तिची किंमत कागदोपत्री नोंदली जात असे. तसल्या हक्काला आता न्यायालय दाद देणार नव्हते. पण अवघ्या सोळा वर्षांनी, १८५९ साली, तेराव्या कायद्याने दुसरे दार उघडले. आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या वा सोडून जाणाऱ्या कारागिराला आणि मजुराला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करता येऊ लागले. त्याने रक्कम परत करावी किंवा काम पुरे करावे. तेही न केल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. कराराचा भंग हा एरवी दिवाणी मामला. मजुराच्या बाबतीत मात्र तो फौजदारी गुन्हा झाला. हा कायदा मागितला तो मुंबई, मद्रास, कलकत्ता या शहरांतल्या मालकवर्गाने. खेड्यातल्या पाटलाने नव्हे. तो रद्द करण्यासाठी १९२५ साल उजाडावे लागले. आणि हे केवळ वसाहतीपुरतेच होते असेही नाही. इंग्लंडमध्ये काम सोडून जाणाऱ्या मजुराला तुरुंगात पाठवण्याची तरतूद १८७५ पर्यंत होती. 'भांडवल'चा पहिला खंड प्रसिद्ध झाला तेव्हा भांडवलशाहीच्या माहेरघरीच 'मुक्त' कामगार काम सोडल्याबद्दल तुरुंगात जात होता. त्यामुळे ज्या शुद्ध मुक्त श्रमाच्या फूटपट्टीने आपण ठाणे जिल्ह्याला मागास ठरवतो, ती फूटपट्टी मँचेस्टरलाही लागू पडत नाही.

आता उचल या प्रकाराकडे वळू. ऊसतोडीमुळे हा शब्द महाराष्ट्रभर ठाऊक आहे. मुकादम कारखान्याकडून पैसे आणतो, कोयत्यामागे उचल वाटतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणजे माणसे मोजण्याचे एकक हे अवजार. आमच्याकडे खाडीपलीकडच्या वसईपासून भिवंडी-वाड्यापर्यंत वीटभट्ट्यांवर हीच रीत आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा कातकरी वा वारली कुटुंब भट्टीमालकाकडून रक्कम उचलते, दिवाळीनंतर भट्टीवर जाते, आठवड्याला खर्चीपुरते पैसे घेते आणि पाऊस तोंडावर आला की हिशेब होतो. इतक्या हजार विटा, इतका दर, वजा उचल, वजा खर्ची. पुष्कळदा बाकी मजुराकडेच निघते आणि ती पुढच्या हंगामावर जाते.

या हिशेबाचे मार्क्सच्या एका निरीक्षणाशी फार जवळचे नाते आहे. तो दाखवून देतो की, मजुरीच्या व्यवहारात कामगारच भांडवलदाराला उधार देत असतो, कारण काम आधी होते आणि पैसे नंतर मिळतात. उचलीत हे नाते उलटे झालेले दिसते : मालक सावकार, मजूर ऋणको. पण हे दिसणेच फसवे आहे. पावसाळ्यात दिलेली रक्कम भट्टी पेटल्यावर थोड्या आठवड्यांतच फिटण्यासारखी असते. त्यापुढचे सगळे महिने कुटुंबाचे श्रम मालकाकडे उधार पडलेले असतात आणि त्यांचा दर तोच ठरवतो. धनको कोण आणि ऋणको कोण, हे वही कोणाच्या हातात आहे यावर ठरते. बव्हंशी उचलीवर व्याजही लावलेले नसते. जुन्या सावकाराला व्याज हवे होते. भट्टीमालकाला हवी आहे ती हंगाम संपेपर्यंत माणूस कोठेही जाणार नाही याची हमी. व्याज त्याला विटेच्या दरातच मिळते.

या मुद्द्यावर अभ्यासकांत झालेला वाद साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही माहीत करून घ्यावा असा आहे. अमित भादुरी यांनी १९७३ साली बंगालच्या शेतीसंदर्भात 'अर्धसरंजामी' मांडणी केली : जमीनदाराला व्याजातून मिळकत होते, म्हणून शेती सुधारण्यात त्याला रस नसतो. व्याजावर जगणाऱ्या जमीनदाराला ती लागू पडते. भट्टीमालकाला लागू पडत नाही, त्याला तर जास्तीत जास्त विटा हव्या असतात. यान ब्रेमन यांनी आमच्या शेजारच्याच दक्षिण गुजरातेत हाळी पद्धतीचा अभ्यास केला. जुन्या बांधिलकीत मालकावर निदान वाईट काळात पोसण्याची जबाबदारी होती. तिच्या जागी आलेली नवी बांधिलकी हंगामापुरती आहे आणि तिच्यात ती जबाबदारीही उरलेली नाही, असे त्यांनी दाखवले. टॉम ब्रास म्हणतात की मजूर संघटित होऊ लागला, दर मागू लागला की भांडवल त्याला मुद्दाम बद्ध करते. बद्धता हे वर्गसंघर्षातील मालकाचे हत्यार आहे. जयरस बनाजी तर मुक्त श्रम ही कल्पनाच कायद्याने रचलेली मानतात. भांडवल नाना प्रकारच्या श्रमांतून वरकड मूल्य काढत आले आहे, त्यांतील एकालाच अस्सल म्हणण्याचे कारण नाही असे त्यांचे म्हणणे. १९४५ चा अनुभव पाहता आम्हांला ब्रास व बनाजी दोघेही वास्तवाच्या अधिक जवळ वाटतात.

तथापि बनाजींच्या मांडणीचा सैल अर्थ लावला की एक धोका उद्भवतो. सगळीच मजुरी सक्तीची, मग सगळेच गुलाम, कार्यालयात बारा तास बसणारे आम्हीसुद्धा, असे म्हणण्याची आपल्या मध्यमवर्गीय लेखनात एक चटक आहे. ती आम्हांला मान्य नाही. काम सोडून जाता येणे आणि न येणे यांतील अंतर ज्याने ते ओलांडले त्यालाच विचारावे. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना अमेरिकेतील दासांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना पुस्तक अर्पण केले. तुलना करतानाही मुक्ती ही खरी घटना आहे, याचे भान त्यांनी सोडले नव्हते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणले. वतन हे नाव मालमत्तेचे, व्यवहार मात्र रात्री-अपरात्री सगळ्या कुटुंबाला राबवण्याचा. ती वतने १९५८ च्या कायद्याने गेली. आणि १९३८ साली औद्योगिक कलहाच्या विधेयकाला विरोध करताना आंबेडकरांनी मांडलेला युक्तिवाद आमच्या मथळ्याला थेट उत्तर देणारा आहे : माणसाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध सेवा घेणे ही गुलामी, म्हणून संप हा गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे. कोण कोणाला वेठीस धरते याचा निवाडा त्यांनी तेव्हाच दिला होता. आपल्या वृत्तपत्रांनी तो वाचला नाही, इतकेच.

कायदाही पुढे याच दिशेने गेला. १९७६ च्या कायद्याने आगाऊ रक्कम आणि तिच्यापोटी गमावलेले स्वातंत्र्य यांचा संबंध जोडला. इतरत्र काम करण्याचे, कोठेही जाण्याचे किंवा किमान वेतन मिळण्याचे स्वातंत्र्य गेले असेल तर ती वेठबिगारी. वेठबिगारीचे कर्ज नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी या कायद्याने धनकोवर टाकली. १९८२ साली एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्या. भगवती यांनी भुकेमुळे पत्करावी लागणारी सक्ती हीसुद्धा राज्यघटनेच्या २३ व्या कलमातील सक्तीच आहे असे सांगितले. त्याच १९८२ साली वसई तालुक्यात श्रमजीवी संघटना उभी राहिली आणि तिने वेठबिगारांच्या मुक्ततेचे काम हाती घेतले. विवेक पंडित यांना १९९९ साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या संस्थेचा पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. म्हणजे आमच्या रेल्वेस्थानकापासून एका खाडीच्या अंतरावर हे चालू होते. आणि ते संपलेही नाही. २०२१ साली मोखाडा तालुक्यात एका कातकरी मजुराच्या आत्महत्येनंतर वेठबिगारीचा गुन्हा नोंदवला गेला. मेलेल्या मुलाच्या कफनासाठी त्याने पाचशे रुपये घेतले होते आणि त्यापोटी त्याला राबवले जात होते, अशी ती तक्रार. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी मुले थोड्या पैशांवर मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याचे उघड झाले. त्यांतली एक मुलगी मृत्यू पावली. लग्नासाठीचे कर्ज गेले, कफनासाठीचे आले.

मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ५,२०,३८८ होती, २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसे येथे राहायला आली, म्हणजे तेवढ्यांना पुरतील इतक्या भिंती उभ्या राहिल्या. आमची स्वतःची इमारत त्याआधीची, नव्वदच्या दशकातली. तिच्या विटा कोठून आल्या याची चौकशी आम्ही कधी केली नाही. पण त्या काळात या पट्ट्यात विटा कोठून येत हे काही गुपित नाही.

आता ती गोष्ट. त्या तासानंतर महिना-दीड महिन्याने आमच्या शेजारी एका जुन्या इमारतीच्या जागी नवे बांधकाम सुरू झाले. पत्र्यांच्या खोल्यांत मजूर कुटुंबे राहत होती. एका सकाळी फाटकापाशी एक माणूस बायको व मुलासह गाठोडे घेऊन उभा होता आणि मुकादम त्याच्यासमोर. गावी आई गेली होती. मुकादम शिवीगाळ करत नव्हता, हात उगारत नव्हता. "तू जा, दोन दिवसांत ये. पण बाई आणि पोर इथंच राहील," एवढेच तो शांतपणे म्हणत होता, "उचल अजून बाकी आहे." माणूस एकटा गेला. बाई मुलाला घेऊन आत परतली. आम्ही कोपऱ्यावर दूध घेत होतो. १९७६ च्या कायद्याच्या व्याख्येत हे कोठे बसते, ते आम्हांला तोंडपाठ होते; आदल्या महिन्यात वर्गात सांगितले होते. आम्ही दूध घेऊन घरी आलो. जिल्हाधिकारी, तहसीलदार, कामगार कार्यालय यांपैकी कोणाकडेही गेलो नाही. तो माणूस परत आला का, हे पाहण्याचेही धैर्य झाले नाही. खोटे कशाला बोला, त्या क्षणी मनात आले होते ते असे की, या लोकांचे आपसातले व्यवहार असतात.

'अवशेष' या शब्दाने आमच्यासाठी केलेले काम ते हेच. जे भूतकाळातले, ते आपल्यासमोर घडले तरी दिसत नाही. गोदावरीबाईंचे पुस्तक आम्ही इतिहास म्हणून शिकवले, म्हणून ते फाटकाशी ओळखता आले नाही. वारल्यांनी १९४५ साली जे केले ते नुसते जागे होणे नव्हते. घर सोडून बाहेर पडणे हे त्यातील मुख्य कृत्य होते, आणि त्याला प्रतिष्ठा देणारी भाषा आपल्याकडे असायला हवी होती. आपली भाषा मात्र काम थांबवणाऱ्यालाच वेठीस धरणारा म्हणत राहिली.

पुस्तक पुढल्या वर्षीही अभ्यासक्रमात आहे. ती विद्यार्थिनी आता वर्गात नाही. तिला उत्तर कळवणे राहून गेले आहे. नव्या वर्गाला आम्ही लग्नगड्यांच्या भागासोबत दोन गोष्टी आणायला सांगणार आहोत : ज्याने कधी कोठे उचल घेतली आहे अशा, घराच्या आसपासच्या एका तरी माणसाचा हिशेब, त्याच्या तोंडून ऐकलेला, आणि 'वेठीस' हा शब्द आलेले त्या महिन्याचे एक वृत्तपत्रीय कात्रण. दोन्ही बाजूबाजूला ठेवली म्हणजे निवेदनशैलीची वैशिष्ट्ये नंतरही सांगता येतील. त्या तासाला आम्हीही आमचा, फाटकापाशी दूध घेऊन उभे राहिल्याचा, हिशेब वाचून दाखवू.